राजसबाईंची दोन मिनिटं

सालिग्रामम, चेन्नई
६ सप्टेंबर २०२५

श्री. बालाजीराव यांस,
सप्रेम नमस्कार.

माझं इंग्रजी पत्र तुम्ही परत पाठवलंत. वर लाल शाईने एवढंच लिहिलेलं, 'नाव अवनी, आडनाव बारबोले, मग हे काय?' मी ते आमच्या गोदामात सगळ्यांना दाखवलं. सगळे हसले, मीही हसले. मग लक्षात आलं की सातवीच्या परीक्षेनंतर मी मराठीत पत्र लिहिलेलंच नाही. तेही काल्पनिक मैत्रिणीला, सहलीचं वर्णन करणारं होतं. तेव्हा चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

मी मूळची बार्शीची. चार वर्षं सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत होते, आता दीड वर्ष सिनेमाच्या कलाविभागात आहे. पडद्यावर जे सामान दिसतं, खुर्ची, कंदील, पानाचा डबा, ते शोधून आणणं हे माझं काम. आमचा नवा चित्रपट १९०७ सालच्या मद्रासमध्ये घडतो. त्यात एका वकिलाच्या घरी पहिल्यांदा बोलणारं यंत्र येतं, आणि गल्लीतली सगळी माणसं ते ऐकायला जमतात. मला ते यंत्र हवंय. तबकडीचा ग्रामोफोन नको, मेणाच्या नळीवर वाजणारा फोनोग्राफ हवा.

एवढी काटेकोर का झाले, तेही सांगते. गेल्या चित्रपटात १९१२ सालच्या घरात मी तीस वर्षांनंतरचा ग्रामोफोन ठेवला. लोकांनी त्याचा फोटो काढला, त्याभोवती लाल गोल केला आणि गावभर फिरवला. आमचे कलादिग्दर्शक शेषाद्री सर रागावले नाहीत. 'पुढच्या वेळी बघू' एवढंच म्हणाले. ही ती पुढची वेळ आहे.

तीन दुकानं पालथी घातली. एकाने इतका चकचकीत पितळी कर्णा दाखवला की त्यात बघून मी केस नीट केले. कर्णा नवा, पेटी जुन्या रेडिओची, आत यंत्र तिसऱ्याच कशाचं. शेवटी मूर मार्केटमधल्या एका रेकॉर्डवाल्याने तुमचं नाव सांगितलं. म्हणाला, 'तिरुवल्लिकेणीत मॅन्शनखाली, म्हणजे एकट्या पोरांच्या लॉजखाली, त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे, पण फोनबिन नाही, कार्ड टाका.'

शूटिंग दहा नोव्हेंबरला आहे. कुणाचा तरी फोन नंबर द्याल का? पाच मिनिटांत काम होईल.

आपली,
अवनी बारबोले

*

तिरुवल्लिकेणी
११ सप्टेंबर

अवनीबाई यांस बालाजीरावाचे आशीर्वाद.

पत्र पावले. चुका सत्तावीस. त्यांतल्या पंधरा तुमच्या. बाकीच्या बहुधा माझ्याच, कारण आमची मराठी तंजावरची. साडेतीनशे वर्षांमागे इकडे आली ती परत गेलीच नाही. तुमच्या बार्शीत मागाहून काय काय बदलले, ते तिला कोणी कळवले नाही.

पाच मिनिटांत होणारे काम मजकडे होत नाही. फोन नाही. टपाल आहे आणि पोस्टमन शहाणा आहे.

तुम्ही मागता ते बरोबर मागता, हे मात्र लिहिले पाहिजे. पन्नास वर्षांत सिनेमावाले पुष्कळ आले. सगळ्यांस कर्णा पाहिजे, खाली काय आहे ते कोणी विचारीत नाही. मुलगी पाहायला जावे आणि दागिने पाहून परत यावे, तशातली गत. सन १९०७ च्या वकिलाचे यंत्र म्हणजे ओक लाकडाची पेटी, बाजूस चावी, वर पोलादी दांडा आणि दांड्यावर दोन मिनिटांची नळी. चार मिनिटांची नळी पुढल्या वर्षी निघाली. ती ठेवाल तर लोक पुन्हा लाल गोल काढतील. आणखी एक लक्षात असू द्या. त्या वकिलाच्या घरी ते यंत्र नवे कोरे होते. सिनेमावाले जुना काळ दाखवायचा म्हणजे सगळ्या सामानास धूळ फासतात. वकील काय धूळ खाल्लेले यंत्र विकत घेणार होता?

तबकडीचे यंत्र नुसते बोलते. नळीचे यंत्र ऐकतेही. कोरी नळी चढवून कर्ण्यात बोलले की मेणावर रेघ उठते आणि तेच बोलणे मागाहून ऐकता येते. आमच्या पेटीत ती रेघ काढण्याची वेगळी डबीही होती, ती कोठे हरवली कोण जाणे.

तुम्हांस हवे तसे यंत्र मजकडे नाही. क्षमा असावी.

बालाजीराव

*

सालिग्रामम
१५ सप्टेंबर

श्री. बालाजीकाका यांस,
सा. नमस्कार.

धूळ न फासण्याचं शेषाद्री सरांना सांगितलं. त्यांनी लगेच रंगाऱ्याला बोलावून सगळं फर्निचर परत पॉलिश करायला लावलं. रंगारी तुमच्या नावाने बोटं मोडतोय.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडे यंत्र नाही, तर 'आमच्या पेटीत' डबी कुठली होती?

सॉफ्टवेअरमध्ये चार वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधायचंच काम केलंय मी, काका. तुमची एकच सापडली, पण मोठी आहे.

यंत्र विकत नको, आठ दिवस भाड्याने द्या. मी स्वतः सोबत राहीन, कुणाला हात लावू देणार नाही. फोन नसेल तर मी येऊन भेटते. तिरुवल्लिकेणी काही लांब नाही, एक बस बदलावी लागते.

अवनी

*

तिरुवल्लिकेणी
२० सप्टेंबर

अवनीबाई यांस आशीर्वाद.

काका म्हणायला तुमचे वडील माझे धाकटे भाऊ लागतात काय? पण असो, लिहिलेत तर राहू द्या.

चोर सापडला. यंत्र आहे. माझ्या आजोबांनी ते मद्रासेहून तंजावरास नेले. सन १९०९ मध्ये त्यांनी आपल्या बायकोस, म्हणजे माझ्या आजीस, राजसबाईस कर्ण्यापुढे उभे केले आणि नळीवर तिचा आवाज घेतला. नळी एकच, दोन मिनिटांची. पुढल्या वर्षी राजसबाई वारली. तिचा फोटो नाही, अक्षर नाही. आहे ती एवढी नळी.

मेण मऊ असते. दर वेळी सुई थोडे थोडे खाते. म्हणून माझे वडील जनकोजीराव यांनी नियम घातला की वर्षातून एकदाच वाजवायचे. आमच्याकडे आयुधपूजेस घरची सगळी अवजारे धुऊन पुसून, चंदनकुंकू लावून देवापुढे मांडतात. त्या दिवशी त्यांस काम द्यायचे नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीस, प्रत्येक अवजार एकदा तरी चालवायचे, नाहीतर ते रुसते. कात्रीने कागद कापायचा, हातोड्याने खिळा ठोकायचा. आणि राजसबाईने बोलायचे.

यंत्र तुम्हांस देईन. अट एकच. विजयादशमीस, दोन ऑक्टोबरला, सकाळी दहास दुकानात यावे. दार उघडे असेल. चावी भरावी, सुई ठेवावी, एकदाच ऐकावे. मी मागल्या पडवीत असेन. माझ्याशी बोलू नये. ऐकून घरी जावे आणि काय ऐकले ते सविस्तर मला लिहून कळवावे. नळीवर काय आहे ते मी आधी सांगणार नाही.

असे का, हे विचारू नये. म्हाताऱ्याची लहर समजा.

बालाजीराव

*

सालिग्रामम
३ ऑक्टोबर

ती. बालाजीकाका यांस,
सा. नमस्कार.

काल तुम्ही सांगितलंत तसंच सगळं केलं. बरोबर दहाला आले. दार उघडं होतं. पेचकस, पक्कड, कात्री, सगळे कपाळाला चंदनकुंकू लावून ओळीने बसलेले. आणि मधोमध यंत्र. काका, आमच्या पटकथेत लिहिलंय तेच आहे ते! ओकची पेटी, बाजूला चावी, फुलाच्या पाकळीसारखा काळा कर्णा. मला तिथेच फुगडी घालावीशी वाटली.

तुम्ही पडवीत पाठमोरे बसला होतात. माझ्या हातून स्टीलचा पेला पडला, केवढा आवाज झाला, पण तुम्ही मान वळवली नाहीत. निघताना 'येते हं' म्हटलं, तरी नाही. नियम म्हणजे नियम. आमच्या सेटवर असा एक माणूस असता तर किती बरं झालं असतं.

राजसबाईंचा आवाज अगदी स्पष्ट ऐकू आला. किती गोड गळा! ओवीसारखं काहीतरी गात होत्या. सगळे शब्द कळले नाहीत, मराठी जुनी आहे ना, पण ऐकताना डोळ्यांत पाणी आलं. एवढा जुना आवाज तुम्ही इतका जपून ठेवलात, खरंच कमाल आहे.

यंत्र न्यायला कधी येऊ?

तुमची,
अवनी

*

तिरुवल्लिकेणी
७ ऑक्टोबर

अवनीबाई,

राजसबाई त्या नळीवर गात नाही. ती कधीच गात नसे. तिच्या गळ्यास भिऊन आमच्या अंगणात कावळे उतरत नसत, असे माझे वडील सांगत.

तुम्ही खोटे लिहिले. पेला पडला हेही मला तुमच्या पत्रातून कळले. मला ऐकू येत नाही. सात वर्षांमागे कमी होऊ लागले, गेली चार वर्षे काहीच नाही. यंत्रे दुरुस्त करणारा बहिरा आहे हे कळले तर कोण दुकानाची पायरी चढेल? म्हणून फोन नाही, म्हणून पाठमोरा बसलो. गिऱ्हाईक काय बिघडले ते कागदावर लिहून देते, मी बोटांनी चाचपून दुरुस्त करतो आणि 'वाजते ना?' असे विचारून तोंडाकडे पाहतो.

दर विजयादशमीस मी चावी भरतो, नळी फिरते, मी नुसता पाहत बसतो. ती बोलते आहे की मेण झिजून मुकी झाली आहे, हे मला कळायला मार्ग नाही. वर मॅन्शनमध्ये चाळीस पोरे राहतात, त्यांस मराठी येत नाही. तुमच्या पाकिटावर मराठी नाव पाहिले तेव्हा वाटले, देवाने उसने कान पाठवले. माझ्या कानांबरोबर तोही आवाज गेला काय, एवढेच मला तुमच्याकडून पाहिजे होते.

तुम्ही गाणे लिहिले. म्हणजे काहीच ऐकू आले नाही. आले असते तर जे आहे ते लिहिले असते. उत्तर मिळाले.

मॅन्शनचा मॅनेजर वेंकट उद्या यंत्र ऑटोत घालून तुमच्या गोदामात पोचवील. नळीही पेटीत आहे. रिकामी नळी ठेवून मी काय करू? सिनेमात वापरा. आता ते एक लाकडाचे खोके आहे.

बालाजीराव

*

सालिग्रामम
१२ ऑक्टोबर

ती. काका,
शि. सा. नमस्कार.

चार दिवस हे पत्र लिहितेय आणि फाडतेय. तुमची माफी मागते. हात जोडून मागते.

खरं हे की मला नुसती खरखर ऐकू आली. सुपात तांदूळ घोळावेत तशी. मला वाटलं ही तुमची परीक्षा आहे, 'काही नाही' म्हटलं तर यंत्र मिळणार नाही. म्हणून गोड गळा रचला. खोटं मला फार पटकन जमतं, काका. माझ्या बाबांना वाटतं मी अजून सिरुसेरीला जाते. दर रविवारी फोनवर त्यांना ऑफिसच्या गमती सांगते, सगळ्या माझ्या मनाच्या. तुम्ही पाठमोरे का बसलात, हे मला तिथेच समजायला हवं होतं. समोर दिसत होतं आणि मी त्याला शिस्त समजले.

पण आता जे लिहितेय त्यातलं अक्षरही खोटं नाही. नीट वाचा.

यंत्र आलं. ते नवं दिसायला हवं म्हणून मी कापूस घेऊन पुसायला बसले. कर्णा पुसला, पेटी पुसली. मग साउंडबॉक्स, ती सुईची गोल डबी, काढून उलटी धरली. तिच्या पडद्याच्या कडेने काहीतरी पिवळट घट्ट बसलंय. नखाने जरा टोकरलं तर वास आला. चंदन आहे, काका. थरावर थर, मध्ये कुंकवाची लाल रेघ. कडेचं रबरही दगडासारखं झालंय. पडदा बोटाने दाबून पाहिला तर जराही हलत नाही. मी यंत्रवाली नव्हे, पण जो पडदा थरथरायचा तोच चिकटून बसला असेल तर आवाज येणार कुठून? मेण अजून असेलही!

मी ते खरवडलेलं नाही. ते तुम्ही देवापुढे लावलेलं आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय कुंकू पुसायला माझा हात धजला नाही. काय करू ते कळवा. पोस्टावर भरवसा ठेवत नाही, हे पत्र मी स्वतः तुमच्या दाराखालून सरकवून जातेय.

अवनी

*

तिरुवल्लिकेणी
१३ ऑक्टोबर

चि. अवनी,

पत्र तीनदा वाचले. मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

ते कोणी केले ते सांगतो. आयुधपूजेचे चंदनकुंकू माझी बायको हेमावती लावी. दर वर्षी तिला त्या डबीस कुंकू लावायचे असे. म्हणे, 'कर्ण्यास लावता आणि बोलते ती, तिला नको होय?' आणि दर वर्षी मी ओरडे, 'डबीस हात लावू नको, पडदा खराब होईल.' बेचाळीस वर्षे ओरडलो. सन २०१८ साली ती गेली. त्या वर्षी पूजा मांडताना मला वाटले, एका टिकल्यावरून बिचारीस जन्मभर बोललो. तेव्हा डबी पालथी ठेवली आणि तिच्या नावाने चंदन लावले, वर कुंकू. दर वर्षी लावले. हात कापतो, नजर मंद, ते फटीत उतरत गेले असणार. त्याच सुमारास कानही जाऊ लागले. आवाज कमी होई, मी म्हणे कान चालले. बहिऱ्यास दोष सोपा. इतक्या लोकांची यंत्रे उघडली, घरचे उघडून पाहिले नाही.

हेमावती असती तर पोट धरून हसली असती.

आता मी सांगतो तसे कर. पाणी लावू नको. बांबूची काडी तासून घे आणि कडेकडेने चंदन सोडव. पडदा अभ्रकाचा आहे, पापडाहून नाजूक. जुने रबर काढून टाक. सायकलवाल्याकडून व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आण, गोल कापून पडद्याच्या दोन्ही बाजूंस बसव. स्क्रू आवळताना घाई नको. मी येऊन केले असते, पण हात कापतो, आणि हा पडदा मोडला तर दुसरा मिळणार नाही. तुझे हात कापत नसतील अशी आशा आहे.

वर्षातून एकदा, हा नियम. तू विचारशील की यंदाचे तर वाजवून झाले. झाले नाही. चावी फिरली, राजसबाई बोलली नाही. तिची यंदाची पाळी बाकी आहे. तेव्हा वाजव, आणि तुमच्या त्या नव्या यंत्रावर धरून ठेवता आले तर ठेव, म्हणजे मेणास पुन्हा त्रास नको.

काही ऐकू आले नाही तर नाही असे लिही. मी पुष्कळ ऐकले आहे, तेही ऐकून घेईन. गोड लिहू नको.

आणि तुझ्या वडिलांस पत्र लिही. फोन नव्हे, पत्र. पत्रात गमती रचायला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस खरे लिहितो.

बालाजीकाका

*

सालिग्रामम
२३ ऑक्टोबर

ती. काका यांस,
शि. सा. नमस्कार.

दिवाळी झाली. आता सगळं क्रमाने सांगते, पण आधी एक वाक्य. राजसबाई आहेत.

चंदन सोडवायला मला तीन दिवस लागले. काडी तासताना बोट कापलं, ते पडद्याच्या मानाने काहीच नाही. सायकलवाल्याने नळी कशाला विचारलं तेव्हा 'आजीबाईंना बोलतं करायचंय' म्हटलं. त्याने पैसेच घेतले नाहीत, बहुतेक घाबरला. निघालेलं चंदन मी टाकलेलं नाही, कुंकवाच्या डबीत ठेवलंय. यंत्राबरोबर परत देईन.

काल भर दुपारी बाराला वाजवलं. गोदामातले पंखे बंद केले, सुतारांनी हातोडे खाली ठेवले. शेषाद्री सर चप्पल काढून उभे राहिले, का ते त्यांचं त्यांना माहीत. आमची साउंडवाली जयंती मायक्रोफोन घेऊन बसली. मी चावी भरली. मग सुई अलगद टेकवली.

आधी खरखर. मग खरखरीच्या मागून एक बाई. गळा खरंच गोड नाही. कावळ्यांचं खरं असावं. जे कळलं ते जसंच्या तसं लिहितेय, 'अहे' सुद्धा त्यांचंच. जिथे टिंबं आहेत तिथे मेण गेलंय, तिथे मी काही भरलेलं नाही.

'काय म्हणून बोलू? … कोणाशी, ह्या भोंग्याशी? … तुम्हांस काम नाही, मज अहे. चुलीवर रसम अहे … उतू गेले तर भोंग्यास वाढेन … नाव? माझे नाव तुम्हांस ठाऊक नाही होय? … राजसबाई. झाले? … जनक्या! हात काढ. हात काढ म्हणते ना! भोंग्यात डोके घालतो, पाहा हो … अडकशील आत, मग तुझा बाप आरीने कापील. डोके की भोंगा, ते मी सांगणार नाही … पोदुम. पोदुम म्हणते ना.'

'पोदुम' मला कळलं. आमची खानावळवालीही भात वाढताना 'पोदुमा?' विचारते, पुरे का म्हणून. ते ऐकल्यावर गोदामातले सुतार हसले. बाकी एक अक्षर न कळता हसले.

अजून एक आहे. 'पोदुम' नंतर, नळी संपता संपता, एक बारीक आवाज येतो. मला आधी यंत्र कुरकुरतंय असं वाटलं. पण जयंतीने तो तुकडा पाच-सहा वेळा लावला, हळू करूनही लावला. ते यंत्र नाही, काका. लहान मूल हसतंय. तोंड कर्ण्याच्या अगदी जवळ आहे. आई रागावल्यावर पोरं हसू दाबतात आणि ते नाकातून फुटतं ना, तसं. दोनदा येतं. तुमच्या पत्रांत याचा उल्लेख नाही, पण तुम्हाला ठाऊक असेलच. इतकी वर्षं ऐकलंयत.

आवाज आता जयंतीकडे दोन ठिकाणी जपून ठेवलाय. शूटिंगला यंत्रावर कोरी नळी लावू. राजसबाईंना मी येत्या रविवारी स्वतः आणून देते, मांडीवर घेऊन, बसमध्ये.

बाबांना पत्र टाकलं. अजून उत्तर नाही.

तुमची,
अवनी

*

तिरुवल्लिकेणी
२८ ऑक्टोबर

चि. अवनीस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलीस, तेव्हा मला काही बोलता आले नाही. तू पाटीवर लिहून विचारलेस की बरे वाटत नाही काय, मी मान हलवली. बरे होते, फार बरे होते. पण जे सांगायचे ते पाटीवर मावणारे नव्हते, म्हणून हे पत्र.

शब्द सगळे बरोबर आहेत. 'रसम' आणि 'भोंग्यास वाढेन' यांच्या मध्ये पूर्वी आणखी एक शिवी होती, ती मेणाने गिळली. चांगलेच झाले.

पण मूल हसते, हे मला ठाऊक नव्हते.

पहिल्याने वाटले, ही पोर पुन्हा गोड लिहिते आहे. मग विचार केला. तुझे खोटे फार साधे असते, ओवी आणि डोळ्यांत पाणी. नाकातून फुटणारे हसू तुला रचता येणार नाही. तेव्हा ते खरे.

जनक्या म्हणजे माझे वडील. तेव्हा सहा वर्षांचे. पुढल्या वर्षी त्यांची आई गेली. पुढे ते शाळेचे हेडमास्तर झाले. मी त्यांच्याबरोबर पस्तीस वर्षे एका घरात राहिलो, त्यांना हसताना कधी पाहिले नाही. सणास नाही, माझ्या लग्नात नाही. आम्ही म्हणत असू की बाबांना देवाने तो स्क्रू बसवलाच नाही.

दर विजयादशमीस नळी संपली की ते खुर्चीवरून उठत आणि पाठ फिरवून म्हणत, 'बालाजी, यंत्र कुरकुरते. तेल घाल.' मी तेल घाली. पुढल्या वर्षी पुन्हा कुरकुरे, मी पुन्हा घाली. ते गेल्यावरही घालीतच राहिलो. मोठा कारागीर म्हणून गावात नाव, आणि घरच्या यंत्राची एक कुरकुर जन्मभर गेली नाही, याची मला लाज वाटे.

त्यांस ठाऊक होते, अवनी. दर वर्षी ते आपलेच हसणे ऐकत होते, आणि आईचे रागावणे. आम्हांस कळू नये म्हणून तेलाचे नाव सांगत होते. माझ्या बापाने काय लपवले ते कळायला मला एक्क्याऐंशी वर्षे लागली, तेही कान गेल्यावर. तुझ्या वडिलांचे उत्तर दहा दिवसांत आले नाही म्हणून धीर सोडू नको. ते येईल.

यंत्र तुझ्याकडे शूटिंगभर राहू दे. भाडे नको. नव्या कोऱ्यासारखे चकचकीत दिसू दे आणि त्या वकिलाच्या गल्लीतल्या लोकांस सांग, ऐकताना तोंडे वासू नका, कान पुढे करा. पुढल्या विजयादशमीस दहास ये. या खेपेस मी तुझ्याकडे तोंड करून बसेन. तू ऐक, मी तुझ्या तोंडाकडे पाहीन. शेवटी पोर हसले की तू बोट वर कर.

आणखी एकच सांगणे. यंत्र परत करताना चांगुलपणाने कोठे तेल घालशील. घालू नको.

तुझा,
बालाजीकाका